माटोळीला टांगलेलं आयलंडर

"उडता?"

डिचोलीजवळच्या सर्वण गावात कृष्णनाथ गावसांच्या घरी कोणीही येवो, पोस्टमन येवो, गॅसवाला येवो, लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेले सोयरे येवोत, खिडकीखालच्या मेजावरचं ते विमान बघून पहिला प्रश्न हाच. उडता? कृष्णनाथांनी "नाय" म्हटलं की समोरच्याचं तोंड असं उतरायचं, जसं काय यांनी त्याला जेवायला बोलावून उपाशी परत पाठवलंय. मग दुसरा प्रश्न ठरलेला. "मगे कित्याक करतात?"

कशाला करतो, ते याला काय सांगायचं? तीन वर्षं माणूस एका मेजाला चिकटून बसलाय. दुकानांच्या पाट्या करणाऱ्यांकडून प्लॅस्टिकच्या शीटचे तुकडे मागून आणायचे, ते ब्लेडनं कापून सांगाडा उभा करायचा. समोरची काच म्हणजे मिठाईच्या डब्याचं झाकण, गरम करून लाकडाच्या साच्यावर ओढलेलं. वायरी जळक्या मोटरीच्या तांब्याच्या. अंगावरचा पत्रा औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटांचा. गावात कोणाला ताप आला की पहिला निरोप कृष्णनाथांचा, "पाकीट टाकू नका हां!" आणि त्या पत्र्यावर रिव्हेट, म्हणजे पत्रे सांधणाऱ्या खिळ्यांची डोकी. खऱ्या विमानाला असतात तेवढे सगळे, इन्सुलिनच्या सुईनं मागून एकेक टोचून उठवलेले. सहा हजारांवर मोजले आणि मग मोजणं सोडून दिलं. एवढं करून पाहुणा विचारणार, उडता?

त्यातून विमान तरी कुठलं, तर आयलंडर. दोन पंख्यांचं, चौकोनी, ठोकळा विमान. खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाचं केलं तरी पंख दोन फुटांवर गेले. आतून मधे वाट नाही, माणसांनी बाहेरूनच आपापल्या रांगेच्या दारानं चढायचं. वास्कोकडे एका वर्कशॉपात कृष्णनाथांनी उमेदीची नऊ वर्षं अशीच विमानं दुरुस्त केली. त्यातल्या एकाला तिथले सगळे 'कारेर' म्हणायचे, कारण दिसायला अगदी डिचोली-वाळपई बस. तीच ही. "लढाऊ विमान तरी करायचं," असं खुद्द मुलगा म्हणाला. मुलगा सर्वेश मोपाच्या विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामावर. दिवसभर खरी विमानं बघतो आणि बापाला अक्कल शिकवतो.

बरं, लोकांचं सोडा. लोक अडाणी. ज्याला कळतं तो अनंत कोरगावकर, त्यानं तर जीव नकोसा केला होता.

अनंतबाब त्या वर्कशॉपात इन्स्पेक्टर होता. विमानाच्या कामाचा नियम असा, की ज्यानं काम केलं त्यानं ते झालं म्हणायचं नाही. दुसऱ्यानं तपासायचं, त्यानं सही करायची, तेव्हा काम झालं. कृष्णनाथ फिटर, अनंतबाब तपासणारा. नऊ वर्षं यांचं एकही काम त्याच्या सहीशिवाय पुरं झालं नाही, आणि ती सवय हाडात जाऊन बसली. म्हणून तर विमान करायला घेतलं त्या दिवशीच कृष्णनाथांनी दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले. काम, तारीख, कोणी केलं, तपासणी. पहिले तीन रकाने शेवटच्या पानापर्यंत भरलेले. चौथा कोरा.

कोरा कारण अनंतबाब! गुडघे गेल्यामुळे पेडण्याहून तो हलायचा नाही. बायको वारल्यापासून घरात एकटाच, बाजूला फोन. यांनी फोटो पाठवायचे, त्यानं चुका काढायच्या.

"ब्रेकचो पायप केसाइतको फुडें गेलो, कृष्णा."

"बसपाच्यो कदेली निळ्यो कशो? राखी आसल्यो."

कदेली, म्हणजे विमानातल्या खुर्च्या, कृष्णनाथांनी चार वेळा केल्या. चार वेळा! चौथ्यांदा अनंतबाब म्हणाला, "हां, आता जमल्यो." मग सही?

"फोटोर सही जायना रे. हांवें डोळ्यांनी पळोवंक जाय."

"मग येवा मरे एकदा!"

"गुडघे सांगतले तेन्ना येतलों."

विमानाच्या पोटाच्या बाजूचा फोटो मात्र कृष्णनाथांनी तीन वर्षांत पाठवला नाही. अनंतबाबनंही मागितला नाही.

आणि मग गणेशचवथीच्या पंधरा दिवस आधी फोन आला. अनंतबाबची मुलगी बडोद्याला असते, ती त्याला कायमचा घेऊन चालली होती. चवथीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मोपावरून विमान. घर कुलूपबंद. "आदल्या दिसा दनपारां तुजो गणपती पळोवंक येतां," तो म्हणाला. "वही काढून दवर." कृष्णनाथांनी फोन ठेवला आणि लगेच वही काढून मेजावर ठेवली. आता नाही तर कधीच नाही, आणि सहीशिवाय ते विमान म्हणजे नुसतं खेळणं. त्यांना स्वतःलाच तसं वाटायचं आणि त्याचाच जास्त राग यायचा.

बायको पद्मावती हे सगळं बघत होती आणि धुमसत होती. मेजावर तीन वर्षं कोणी जेवलं नव्हतं. तिच्या साडीच्या पिना गेल्या, चहाची गाळणी गेली, नातीच्या केसांचे क्लिप गेले. ती बोलायला लागली की आधी पिना, मग गाळणी, आणि शेवटी अडतीस वर्षांपूर्वीचं ते एक वाक्य. ते आलं की कृष्णनाथ मेजाकडे वळायचे.

"चवथ्या दिवसा डबो घेवन कामार गेलेलो माणूस तुमी! तुमकां कोण सांगतलो!"

त्यांची पहिली मुलगी तीन दिवस जगली होती. चौथ्या दिवशी सकाळी कृष्णनाथ उठले, कपडे घातले, बस पकडून वास्कोला कामाला गेले. बायको अंथरुणात, सासू रडतेय, घरात सुतक, आणि हा माणूस कामावर. त्यानंतर दोन मुलं झाली, लग्नं झाली, नात झाली, पण पद्मावतीनं ते पोटातून काढून टाकलं नाही. का काढावं? कृष्णनाथांनी तरी कधी तोंड उघडून काही सांगितलं होतं का?

चवथीच्या दिवशी सकाळी कृष्णनाथ डिचोलीला चित्रशाळेतून गणपती आणायला गेले. डोक्यावर टोपी, दोन्ही हातांवर मूर्ती, पुढं फटाके, मागं नात टाळ वाजवतेय. उंबऱ्याशी पद्मावतीनं पायांवर पाणी घातलं, ओवाळलं. कृष्णनाथ आत आले, वर बघितलं, आणि जागच्या जागी थिजले.

चौरंगाच्या वर, छताला माटोळी बांधली होती. दरसालप्रमाणे नारळ, सुपारीचे घड, चिबूड, लिंबाच्या जातीची तोरिंजनं, कांगलांची रानफळं, सगळं केवणीच्या सालीच्या दोरांनी लाकडी चौकटीला लटकलेलं. आणि चौकटीच्या पुढच्या कडेला, खूप खाली सोडलेलं, दोन चिबडांच्या मधे आयलंडर! पंखांना दोर, शेपटीला दोर, नाकावर झेंडूचं फूल.

ओरडावं तर हातात देव. पोरं मागून "मोरया" म्हणतायत. कृष्णनाथांचं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं, आणि त्यातून "मोरया" एवढंच बाहेर पडलं. भटजींनी घाई केली. मूर्ती चौरंगावर बसली. झालं! देव खाली बसला की माटोळीतलं पानसुद्धा सोडायचं नाही, विसर्जन होईपर्यंत. त्यांच्याकडे गणपती पाच दिवस. अनंतबाब तिसऱ्या दिवशी बडोद्याला.

"कोणी केला हा?" पूजा आटोपल्यावर कृष्णनाथांनी दात खाऊन विचारलं.

सर्वेश छाती फुगवून पुढं आला. "बाबा, माटोळीक आपल्या हातचा पिकलेला लावतात. तुमच्या हातचा आणखी काय आसा? मी म्हटला, देवाक दाखवया. कसा दिसता?"

आता काय बोलायचं या पोराला? शिव्या द्याव्यात तर पोरगं प्रेमानं बोलतंय. वरची अँटेनाची तार तुटून लोंबत होती आणि प्रेमानं बोलतंय. "दिसता," एवढंच म्हणून कृष्णनाथ मागच्या दारी जाऊन बसले. दिवसभर शेजारीपाजारी दर्शनाला येत राहिले, माटोळीकडे माना वर करत राहिले, आणि एकजात सगळ्यांनी विचारलं, उडता?

दुसऱ्या दिवशी दुपारी सर्वेश पेडण्याहून अनंतबाबला गाडीतून घेऊन आला. बाहत्तरीचा माणूस, काठी, जाड भिंगाचा चष्मा, खिशात टॉर्च. देवाला हात जोडले, पद्मावतीच्या हातची नेवरी खाल्ली, पाणी प्याला आणि म्हणाला, "खंय आसा?"

कृष्णनाथांनी वर बोट दाखवलं. लाजेनं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सोडूक जायना, अनंतबाब. पोरान घोळ केलो."

अनंतबाबनं चष्मा सारखा केला. पुढून बघितलं, मागून बघितलं, काठी टेकत एक फेरी घातली. मग म्हणाला, "बरेंच जालें. अशें पोट दिसता. बांक हाड रे सर्वेशा."

बांक आणला. विमानाच्या बरोब्बर खाली ठेवला. आणि बाहत्तर वर्षांचा तो इन्स्पेक्टर, सर्वेशनं पाय उचलून दिल्यावर, धोतर सावरत देवापुढं सरळ उताणा आडवा झाला.

"पाय! पाय देवाकडे करू नका!" पद्मावती ओरडली. अनंतबाब परत उठला, उलटा फिरला, परत आडवा. तेवढ्यात शेजारची एक बाई आरतीचं ताट घेऊन आली, ती दारातच किंचाळली, "घेरी आयली काय त्यांका?" तिला समजावून बसवेपर्यंत कृष्णनाथांना घाम फुटला. देवा गजानना, ही तपासणी की तमाशा?

पण मग टॉर्च लागला. वर्कशॉपात अनंतबाब असाच चाकांच्या फळीवर उताणा सरकत विमानाखाली जायचा, आणि फिटर बाजूला उभा राहून त्याच्या चपलांकडे बघत राहायचा. चपला हलल्या की समजायचं, चूक सापडली. कृष्णनाथ आपोआप तसेच उभे राहिले. टॉर्चचा प्रकाश चाकांवर गेला, पाइपवर थांबला, पंखाखालून सरकत पोटावर आला.

"पॅच खंय?"

"कसलो पॅच?"

"कारेरीच्या पोटाक फातर लागून खोच पडिल्ली. ताचेर पॅच आसलो. उजव्या चाकाफाटल्यान. तूंवेंच मारिल्लो, कृष्णा."

कृष्णनाथ म्हणाले, "याद नाय." खोटं बोलले. सहा हजार रिव्हेट आठवणारा माणूस दगडाच्या खोचेवरचा तो एक पॅच विसरेल होय? तो त्यांनी मुद्दाम गाळला होता. तो मारला त्या दिवशी हात डोक्याच्या वर उचलून धरून काम चाललं होतं आणि डोळ्यांसमोर काहीच नीट दिसत नव्हतं. तिसरा रिव्हेट ओळीतून सुटला, त्याला सावरायला गेले तर चौथा आणखी सुटला. पॅच पक्का बसला होता, कडेपासूनचं अंतर नियमात होतं, धोका काही नव्हता. पण ओळ वाकडी ती वाकडीच. अनंतबाब फळीवरून खाली गेला, बराच वेळ चपला हलल्या नाहीत, मग बाहेर आला आणि न बोलता सही करून पुढं गेला. त्याला दिसलं नाही, असं कृष्णनाथ अडतीस वर्षं धरून चालले होते.

"याद नाय तर हांव सांगतां," बांकावरून अनंतबाब म्हणाला. "धा रिव्हेटांची वळ. तिसरो आनी चवथो वांकडो. तो घाल, मगीर सही."

"अनंतबाब! खुळे जालात काय?" कृष्णनाथांचा तोल सुटला. "तीन वर्सां माझ्या बोकांडी बसलात! पायप केसाइतको फुडें, कदेली राखी, ह्या सरळ कर, त्या सरळ कर! आनी आता सगळा सरळ केल्यार म्हणतात वाकडा कर?"

"कारेर आसा तर कारेरीचो पॅच आसूंक जाय," अनंतबाब शांतपणे म्हणाला. "ना जाल्यार हें दुसरें विमान. दुसऱ्या विमानार हांव कित्याक सही करूं?"

कृष्णनाथ पाय आपटत मेजाशी गेले. पत्रा हवा होता. अनंतबाबनं खिशातून आपलं ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचं पाकीट काढून दिलं, उरलेल्या गोळ्या पद्मावतीनं वाटीत काढून ठेवल्या. कृष्णनाथांनी पाकिटाच्या पाठीचा पत्रा कापला, जुन्या चपलेच्या रबरावर पालथा ठेवला, सुई घेतली आणि दहा रिव्हेट टोचले. उलटवून बघतात तर ओळ सरळसोट. दोरी धरल्यासारखी! दुसरा तुकडा कापला. पुन्हा सरळ. एवढी वर्षं सरळ जायला शिकवलेला हात, आता ऐकेना. तिसऱ्या तुकड्याला त्यांनी डोळे मिटून घेतले. तो दिवस त्यांना आठवायचा नव्हता, पण आठवला. बसमधली खिडकी आठवली, मांडीवरचा डबा आठवला. सुई टोचत गेली. डोळे उघडून त्यांनी तुकडा उलटा केला, तिसरा-चौथा रिव्हेट बघितला आणि बांकाकडे आले.

"माटोळीक हात लावूक जायना हां!" पद्मावती आडवी आली.

"काडपाक जायना," अनंतबाब उठून बसत म्हणाला. "हो घालता. देवाच्या माटोळींत कितेंय चड घातल्यार देव रागार जायना." काढायला बंदी, भर घालायला नाही; नियम कुठं वाकतो हे इन्स्पेक्टरला नाही कळायचं तर कोणाला? पद्मावती बाजूला झाली.

कृष्णनाथ बांकावर उताणे झाले. हात वर धरून त्यांनी तो नखाएवढा तुकडा उजव्या चाकामागं चिकटवला आणि गोंद धरेपर्यंत बोटानं दाबून ठेवला. हात भरून आला, खांदा दुखायला लागला, तरी दाबूनच राहिले. मग ते उठले आणि अनंतबाब परत आडवा झाला, या खेपेला कुरकुरत. टॉर्च लागला. अनवाणी पावलं हलली नाहीत.

"वही हाड."

अनंतबाबनं वहीच्या पहिल्या पानापासून सह्या करायला घेतल्या. पानामागून पान, चौथा रकाना भरत गेला, आजची तारीख पडत गेली. कृष्णनाथ तिथं असून नसल्यासारखे उभे होते. शेवटची ओळ नवी, कृष्णनाथांनी आत्ताच लिहिलेली. काम, पोटाखालचा पॅच. तिथंही अनंतबाबनं सही केली, तारीख घातली आणि वही मिटून पुढं केली.

कृष्णनाथांनी उघडून बघितलं आणि पुन्हा चिडले. "ही तारीख बघा! म्हातारपण, दुसरा काय! आज खंयची आसा आनी हे घालतात खंयची!"

"चुकूंक ना. ती सही हांवें त्या दिसा केल्ली, आज न्हय."

"बघू." पद्मावतीनं वही हातातून घेतली, पदरानं चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचलं. "एकोणीस जून, एकोणीसशे शहाऐंशी."

तिला ती तारीख कोणी सांगायला नको होती. सोळा जून, मग सतरा, मग अठरा, आणि एकोणीसला सकाळी डबा घेऊन बसला गेलेला नवरा.

"तुमकां दिसला त्या दिवसा?" कृष्णनाथांनी विचारलं.

"दिसना जावंक हांव कुड्डो न्हय," अनंतबाब म्हणाला. "तुजी वळ केन्नाच वांकडी येनासली. तुजे डोळे पळयले आनी सही केली. कित्याक तें म्हाका दोन म्हयन्यांनी कळ्ळें. मगीर विचारूं कसो?"

सर्वेशला त्या पॅचचं काहीच माहीत नव्हतं, तो एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत राहिला. पद्मावती बांकावर बसली. अनंतबाबच्या हातातला टॉर्च तिनं मागून घेतला, मान मागं टाकली आणि विमानाच्या पोटावर उजेड धरला.

"खंयचे?"

"तिसरो आनी चवथो," कृष्णनाथ म्हणाले. "तुज्या उजव्या हाताक."

तिनं बोट वर नेलं. दोन्ही रिव्हेटांवरून ते हळू फिरवलं, एकदा, परत एकदा. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसत नव्हती.

"त्या दिवसाचो डबो," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी तसोच परत हाडलेलो. उघडूकच नव्हतो."